हात दाखव

मावशी कुणालाही भेटल्या की पहिलं वाक्य एकच म्हणायच्या, "हात दाखव." नमस्कार नाही, या-बसा नाही. तलाठी आला तरी हात दाखव, देवळातला पुजारी आला तरी हात दाखव. समोरचा माणूस गोंधळून तळवे पुढे करायचा. त्या लांबूनच मान पुढे काढून त्याची नखं बघायच्या आणि अंगणातल्या घंगाळाकडे बोट करायच्या. घंगाळात सदा कढत पाणी असे. शेजारी एका करवंटीत राख आणि दुसरीत रिठ्यांचा फेस. हात धुऊन झाले की पुन्हा दाखवायचे. तेव्हा कुठे पायरीवर बसायला मिळे. घरात नाहीच.

त्या आमच्या घरमालकीण होत्या. पिंपरीच्या माळावर तेव्हा नवे कारखाने उठत होते आणि आमच्यासारखी बाहेरगावची माणसं आसपासच्या खेड्यांत खोल्या शोधत फिरत होती. आम्ही कोकणातले. आमचे हे फिटर म्हणून लागले आणि आकुर्डीला मावशींच्या मळ्यात आम्हांला खोली मिळाली. विहिरीच्या अलीकडे त्यांचं कौलारू घर, आणि अंगण ओलांडून समोर एका ओळीत तीन खोल्या. एकीत आम्ही, एकीत त्यांची गवताची रास, तिसरी रिकामीच. रिकामी, कारण आधीचे भाडेकरू टिकले नव्हते.

ते का टिकले नव्हते हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी विहिरीवरून पाणी आणलं आणि तसंच माठात ओतायला लागले, तर मावशी पलीकडून धावत आल्या. माझ्या हातातला हंडा काढून घेतला आणि पाणी अळवाच्या वाफ्यात ओतून टाकलं.

"उकळल्याबिगार प्यायचं न्हाई. ह्या मळ्यात न्हाई."

"अहो, पण पाणी चांगलं नितळ आहे."

"नितळच असतं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गावात त्यांना उकळीबाई म्हणत. दूध त्या दोनदा उकळायच्या. भाजी पोटॅशच्या लाल पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणून त्यांच्या हाताची बोटं नेहमी तपकिरी दिसत. दूधवाल्याचा अंगठा एकदा मापात बुडालेला त्यांनी पाहिला, तर सगळं दूध त्याच्यादेखत म्हशीच्या आंबोणात ओतलं. देवाचा प्रसाद घ्यायच्या, कपाळाला लावायच्या, पदरात बांधायच्या आणि घरी आल्यावर कावळ्यांना घालायच्या. लग्नाकार्याला त्यांना कुणी बोलावत नसे. एका लग्नात त्यांनी म्हणे आचाऱ्याला मांडवातून बाहेर काढून त्याची नखं कापली होती. पंगत तोवर ताटकळत बसली होती.

आमच्या ह्यांना हे सगळं गमतीचं वाटायचं. शिफ्ट सुटून आले की सायकल कुंपणाला टेकवून हे मुद्दाम ओरडायचे, "मावशी, हात दाखवायला आलोय!" आणि काळ्या तेलाने माखलेले दोन्ही पंजे नाचवायचे. मावशी हसायच्या नाहीत. घंगाळाकडे बोट करायच्या. मी मात्र त्यांना टाळत असे. त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. एवढ्या काळात त्यांनी माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही, माझ्या चुलीपाशी कधी बसल्या नाहीत. माणसाकडे बघताना त्यांची नजर त्याच्या तोंडावर नसायचीच.

मग ह्यांच्या गळ्याशी गाठी आल्या.

आधी एक, कानाखाली, बोराएवढी. दुखायची नाही. लेप झाले, शेकून झालं. मग काखेत आल्या. संध्याकाळचा ताप यायला लागला, अंगाला खाज सुटायची, सदरे सैल झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी एक गाठ कापून तपासायला पाठवली आणि उत्तर आल्यावर मला एकटीला आत बोलावून मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. रोगाचं नाव ह्यांना सांगू नका म्हणाले. त्या काळी असंच करत. पण मुंबईच्या इस्पितळात शिरताना ह्यांनी दारावरची पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चल. आता आलोच आहोत तर."

तिथले डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलायचे. लढाईत माणसं मारायला जो विषारी वायू करतात, त्याच्याच जातीचं हे औषध आहे, असं त्यांनी मला सांगितलं. शिरेतून द्यायचं. गाठी विरघळतात, पण औषध वाईटाबरोबर चांगलंही मारतं. "उलट्या होतील, तोंड येईल, केस जातील. त्याची भीती नाही," ते म्हणाले. "भीती पुढच्या दिवसांची. त्यांच्या रक्तात रोगाशी झुंजणारं काही उरणार नाही. तुम्हांआम्हांला साधं पडसं होतं, तेवढ्याने ते दगावतील. पाणी उकळून द्या. कच्चं काही नको, शिळं नको. गर्दीत नेऊ नका. खोकणारा माणूस खोलीत येऊ देऊ नका. आणि जो कोणी त्यांना हात लावील, त्याने आधी हात धुवायचे. जमेल हे खेड्यात?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांपुढे ते घंगाळ आलं होतं.

पहिलं औषध टोचून घेऊन निघालो. परतीच्या गाडीत उलट्यांसाठी ह्यांनी खिडकीबाहेर मान काढली ती खंडाळ्यापर्यंत आत घेतली नाही. चिंचवडला उतरून टांग्याने मळ्यात आलो तेव्हा ह्यांना धड उभं राहवत नव्हतं. मावशी अंगणात होत्या. "हात दा—" एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. पहिल्यांदाच त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

ह्यांना निजवून मी बाहेर आले आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगितलं. सांगायचंच होतं; मळा त्यांचा, विहीर त्यांची.

"परत सांग," मावशी म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"हात धुवून मगच शिवायचं, असं म्हनला? डाक्टर? मुंबैचा?"

"हो."

"आनि पानी उकळून."

"हो, मावशी."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि ते बघून मी नजर वळवली. इतकी वर्षं सगळं गाव ज्या बाईला वेडी म्हणत आलं, तिला कुणीतरी, तेही मुंबईच्या डॉक्टरने, तुझं बरोबर होतं म्हणून सांगितलं होतं. ते सांगायला माझ्या नवऱ्याचं दुखणं यावं लागलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची खोली ताब्यात घेतली. सगळं सामान अंगणात काढलं. भिंतींना चुना दिला, जमीन सारवू दिली नाही. शेण नको म्हणाल्या, आणि शहाबादी फरश्या आणवून बसवून घेतल्या. गोधड्या, चादरी, ह्यांचे सदरे, माझी लुगडीसुद्धा हंड्यात उकळली. चूल खोलीतून हलवून थेट विहिरीपलीकडे नेली, कारण फोडणीचा वास आला की ह्यांना उमळायचं. तिथे त्या स्वतः रांधायच्या आणि अन्न निवू द्यायच्या. गरम अन्नाला वास फार, गार झालं की तो मरतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी एकदा ताट दूर सारलं आणि दुपारी तेच गार झालेलं खाल्लं, त्यावरून त्यांनी ते धरलं होतं. एका वेळी चार घासच वाढायच्या, पण दिवसभर काही ना काही चालू. मुगाचं पाणी, मऊ भात, तुपातला शिरा, भाजलेला बटाटा मीठ घालून.

त्या काळात त्यांचं 'हात दाखव' माझ्यापुरतं आणि ह्यांच्यापुरतं बदललं होतं. सकाळी दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय खावंसं वाटतंय?"

"काही नाही," हे म्हणायचे.

"काही न्हाई, असा पदार्थ नसतो. सांग."

मग ह्यांना काहीतरी आठवायचं. एकदा म्हणाले, आंबोळी. मावशींनी आंबोळी कधी पाहिलेली नव्हती. मला विहिरीपलीकडे लांब उभं करून, मी सांगितलं तशी त्यांनी ती केली. पहिल्या चार तव्याला चिकटल्या. पाचवी ह्यांनी अर्धी खाल्ली आणि पोटात राहिली. त्या दिवशी मावशी अंगणात जरा मोठ्याने बोलत होत्या, एवढाच फरक दिसला.

तोंडात फोड आले तेव्हा त्यांनी ह्यांची दातांची मिश्री बंद केली. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा, पुन्हा पुन्हा. बोटाला उकळलेलं मऊ फडकं गुंडाळून दात पुसायचे. उन्हं कोवळी असताना बांधावरून थोडं चालवायच्या, पायात वहाणा घालूनच. हे दमले की आंब्याच्या सावलीत खुर्ची ठेवलेली असे. केस उशीवर गळायला लागले तसा गावातला न्हावी बोलावला. मावशींनी त्याचा वस्तरा आधी हंड्यात टाकला.

"धार जाईल ना, मावशे!" तो रडकुंडीला आला.

"परत लाव. दगड हाय की तुझ्याकडं. तो बी दे हिकडं, उकळती."

न्हावी परत कधी आला नाही. पुढच्या वेळी ह्यांचं डोकं मीच केलं.

कारखान्यातली मंडळी भेटायला यायची. त्यांना कुंपणाच्या आत प्रवेश नव्हता. रविवारी सकाळी पाच-सहा जण सायकली आडव्या टाकून बाभळीपाशी उभे राहायचे, आणि हे खुर्चीत बसून इकडून ओरडायचे. फोरमनचं कुणाशी वाजलं, ओव्हरटाइम कुणाला मिळाला, कँटीनच्या चहात काय निघालं, सगळ्या बातम्या ज्वारीच्या वाफ्यावरून इकडून तिकडे जायच्या.

"काय राव, कवा येताय कामावर? तुमचं मशीन रुसून बसलंय!"

"त्याला म्हणावं, हात धुवून ये, मग भेटतो!"

सगळे हसायचे. मावशी मध्ये उभ्या असायच्या, पहाऱ्यावर असल्यासारख्या. त्या दिवसांत हे एकदा त्यांना म्हणाले, "मावशी, समजा यम आला कुंपणाशी, तर त्यालाही हात दाखवायला लावणार का?"

मावशी नेहमीसारख्याच हसल्या नाहीत. त्यांना ते हसण्यासारखं वाटलंच नव्हतं. "लावीन की," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याचे हात घानच असनार."

औषधाचा पहिला फेरा झाला, दुसरा झाला. गाठी खरंच विरघळल्या. ह्यांच्या अंगाला थोडं मांस धरलं. मुंबईचे डॉक्टर ह्यांचं रक्त बघून म्हणाले, "फार सांभाळलंत. इथे वॉर्डात राहणाऱ्यांनाही ताप येतो, ह्यांना एकदाही आला नाही. कोण बघतं घरी?" मी म्हटलं, आमच्या घरमालकीण. ते डॉक्टर मावशींना कधी भेटले नाहीत, पण मी त्यांचं वाक्य तसंच्या तसं मळ्यात आणून पोचवलं. हे थोडे दिवस कामावरही गेले, बसून करायच्या कामावर. मला वाटायला लागलं होतं की निभावलं.

उन्हाळा संपता संपता गाठी परत आल्या. आधीपेक्षा लवकर वाढल्या. डॉक्टरांनी तिसरा फेरा दिला, जास्त ताकदीचा. तो घेऊन आम्ही परतलो आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई आल्या.

त्यांना मी कळवलं होतं. कळवायला नको होतं का? एकुलता एक मुलगा. गावाहून एसटी, मग रेल्वे, मग चिंचवड स्टेशनपासून चालत, डोक्यावर बोचकं घेऊन त्या आल्या. प्रवासात पाऊस लागला होता. अंगणाच्या तोंडाशी आल्या त्या खोकतच.

मावशींनी आडवा हात धरला.

"हात नगं दाखवू. खोकला कधीपास्नं हाय?"

"कसला खोकला? भिजले मी. सर गो बाजूला, माजा झील कुठे हाय?"

"आत न्हाई जायचं."

सासूबाईंना ते कळेचना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगू लागले. हे खाटेवरून सगळं ऐकत होते. आतून म्हणाले, "आई, आलीस? जरा थांब गो. दोन दिवस थांब. खोकला जाऊ दे."

मावशींनी तिसरी खोली झाडून दिली. गरम पाणी दिलं, आल्याचा काढा दिला, कोरडं लुगडं दिलं. कशात काही कमी केलं नाही. पण आमचा उंबरा ओलांडू दिला नाही. सासूबाई आमच्या खिडकीसमोर, चार हात लांब, पोत्यावर बसायच्या आणि तोंडाला पदर लावून मुलाशी बोलायच्या. गावातल्या गोष्टी सांगायच्या. कुणाच्या गाईला काय झालं, आपल्या दारातल्या फणसाला यंदा किती धरले. हे गजांना डोकं टेकून ऐकायचे. एकदा बोलता बोलता त्या उठून खिडकीशी आल्या. ह्यांनी गजांतून हात बाहेर काढला. बोटांना बोटं लागणार, तेवढ्यात विहिरीपाशी पाणी तापवणाऱ्या मावशी तिथूनच ओरडल्या,

"हात आत घे!"

ह्यांनी हात आत घेतला. सासूबाई पोत्यावर जाऊन बसल्या. 

खोकला गेला. पूर्ण गेला. मी मावशींना म्हटलं, आता येऊ द्या त्यांना.

"अजून थांब. आत छातीत असतो. दिसत न्हाई."

"मावशी, गेलाय खोकला."

"नितळ पानी बी दिसत न्हाई त्यात काय हाय ते."

त्यांच्याशी वाद कसा घालायचा ते मला माहीत नव्हतं. त्यांच्यामुळेच ह्यांना आजवर ताप आला नव्हता, हे खोटं नव्हतं. सासूबाई दोनदा माझ्यावर ओरडल्या, एकदा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. आणि हे सगळं चाललेलं असतानाच, कुणीही न शिवता, कशातूनही न येता, ह्यांना ताप भरला.

मुंबईला नेलं. तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं, मला व्हरांड्यात नेलं. रोग आता आतपर्यंत गेला होता. औषधाचा उपयोग होणार नव्हता, उलट त्रासच. "घरी न्या," ते म्हणाले. "आता पथ्य नको. त्यांना आवडेल ते खाऊ द्या. ज्यांना भेटावंसं वाटतंय त्यांना भेटू द्या. दुखलं तर ही गोळी."

टांगा मळ्यात आला तेव्हा मावशी कढत पाण्याचा हंडा उचलत होत्या. ह्यांना आत निजवलं. मी बाहेर येऊन डॉक्टरांचे शब्द सांगितले. ह्या वेळीही त्या म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं.

"मंजे आता उकळायचं न्हाई?"

"नाही."

"हात?"

"काहीच नाही, मावशी."

त्या हंड्यापाशी उभ्या होत्या. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती, तरी बाजूला झाल्या नाहीत. मग अंगण ओलांडून तिसऱ्या खोलीत गेल्या आणि सासूबाईंचा दंड धरून त्यांना घेऊन आल्या. एवढ्या दिवसांच्या सवयीने सासूबाई दारात घंगाळाशी वाकल्या, तर मावशींनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. जावा आत."

सासूबाई आत गेल्या. मुलाच्या उशाशी बसून त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बोडक्या डोक्यावरून त्यांचा हात फिरत राहिला. ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "किती खरखरीत हात गो तुझा." मला तिथे उभं राहवेना.

पुढचे दिवस थोडेच होते. खोलीचं दार सताड उघडं असायचं. कारखान्यातली मंडळी आत येऊन बसायची आणि काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. कुंपणापलीकडून ओरडताना सुचायचं. मावशी दाराबाहेर पायरीवर बसून असत. एका दुपारी ह्यांचा डोळा लागला असताना सासूबाईंनी तिथूनच त्यांना विचारलं,

"तुमाला पोरं नाहीत?"

"दोन गेली," मावशी म्हणाल्या. "पटकीत. सकाळी धाकटं, दिवस मावळायला थोरलं. मागनं सरकारी मानूस आला, हिरीत लाल औषध टाकलं आन् मला म्हनला, बाई, पानी उकळून दिलं असतंत तर वाचली असती. एक हाय. देहूरोडला असतो. येत न्हाई."

"का?"

"सून बाळंत झाली तवा पोर तिच्याजवळ देत नव्हते मी. दूध पाजायपुरती देयाची, आन् परत काढून घेयाची. तिचे हात मला स्वच्छ वाटत नव्हते. महिनाभर तसंच. मग एक दिवस उठून गेली दोघं, पोरीला घेऊन."

मी त्यांच्या मळ्यात इतके दिवस राहत होते. मुलगा आहे, नात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाई मांडीवरचं डोकं हलू नये म्हणून पाय तसाच अवघडलेला ठेवून बसून राहिल्या.

हे गेले ते दुपारी, उन्हं असताना. त्रास फारसा झाला नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी आम्ही दोघी होतो, आणि पायाशी, पावलांना हात लावून मावशी. हात धुतलेले नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाई गावी जायला निघाल्या. मी त्यांच्याबरोबर जावं असं त्यांना वाटत होतं. पण कारखान्याने मला पॅकिंगच्या खात्यात काम देऊ केलं होतं, आणि गावी जाऊन मी काय करणार होते? त्यांना पोचवायला मी चिंचवडला निघाले तर मावशी न विचारता टांग्यात येऊन बसल्या. सासूबाईंचं बोचकं त्यांनी मांडीवर घेतलं. 

पुण्याची गाडी आली. सासूबाई चढल्या, खिडकीशी बसल्या. मावशींनी बोचकं खिडकीतून आत दिलं. ते घेऊन सासूबाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या,

"तुमी त्याला जगवलात, ह्या पोरीने सांगितलान मला. खोटं नाय म्हनत. पन खोकला गेल्यावर चार दिस त्याला हात लावू दिला असतात, तर तो त्यानं मेला नसता. तुमाला ठाऊक होता ता."

मावशींनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते मला कळलं नाही.

"तुमची दोन गेली. तुमाला तरी समजायला हवं होतं."

गाडी हलली. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

फलाट मोकळा झाला तरी मावशी तिथेच उभ्या होत्या. "तिचं खरं हाय," त्या म्हणाल्या. मी टांग्याकडे वळले. थोड्या वेळाने लक्षात आलं की त्या मागे नाहीत. रूळ ओलांडून त्या पलीकडच्या फलाटावर, लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी उभ्या होत्या. तिथूनच मला हाताने सांगितलं, तू जा.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी विचारलं, "देहूरोडला?"

"व्हय. क्वार्टर सापडलं. पोरगा कामावर होता. सुनेनं बघितलं आन् दार लावून घेतलं."

"मग?"

"मग काय. पायरीवर बसले गाडीच्या वेळेपत्तुर."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या. मग दर आठवड्याला जायला लागल्या, चिंचवडच्या बाजाराच्या दिवशी जाऊन यावं तशा. काही नेत नसत, काही मागत नसत. पायरीवर बसायच्या आणि परत यायच्या. मुलगा एकदा घरी होता, तो बोलला नाही म्हणे, पण उठूनही गेला नाही. नात शाळेत जाण्याएवढी झाली होती. ती आजीला ओळखत नव्हती.

त्यांनी मला बरोबर नेलं नाही कधी, आणि मीही म्हटलं नाही. परत आल्या की मी विचारायचे, आत बोलावलं का? त्या मान हलवायच्या. विचारून विचारून मला संकोच वाटायला लागला, म्हणून मी विचारणं सोडलं.

पुढे मला पिंपरीत कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळाली. सामान हातगाडीवर चढवलं त्या दिवशी त्यांची जायची वेळ झाली होती. चांगलं लुगडं नेसून, वहाणा घालून त्या अंगणात उभ्या होत्या. मी पाया पडले. मग न राहवून म्हटलं, "मावशी, इतके दिवस जाताय. ते बोलावत नाहीत. कशाला त्रास करून घेता?"

"बोलवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पर आता मी तिथं गेल्यावर दार लावत बी न्हाईत. उघडंच ऱ्हातं."

आणि गाडीची वेळ होत आली म्हणून स्टेशनच्या वाटेला लागल्या.